लाकडी बैल आणि पडद्यावरचा लांडगा

(एका गावातील वाचनालयाच्या व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि शेतातली कामे आटोपून येथवर आलेल्या मित्रांनो, मोबाइलच्या खेळात पाळलेल्या प्राण्याला मुलाने मुद्दाम उपाशी ठेवले किंवा मारले, तर त्यात काही वाईट आहे काय, हा आजचा विषय आहे. ज्याला वेदनाच नाही त्याच्याशी कसे वागावे याची चर्चा कशाला, असे कुणी विचारील. पण विदर्भातल्या माणसाने तरी तसे विचारू नये, कारण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपणच लेकरांच्या हाती लाकडी बैल देतो, त्याची पूजा करवतो आणि त्याला घेऊन घरोघर फिरणाऱ्या पोरांच्या हातावर बोजारा, म्हणजे खाऊ किंवा पैसे, ठेवतो. हा तान्हा पोळा नागपुरात १८०६ साली दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी सुरू केला, असे सांगतात.

याच सणातली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. एका गावच्या सजावट स्पर्धेत एक मुलगी जुनाच बैल घेऊन आली होती. त्याचे एक शिंग मोडले होते, आणि उरलेल्या बुडख्याला तिने हळद माखून चिंधी बांधली होती. वाटेत खड्डा आला की ती दोरी सोडून बैलाला उचलून घेई, का म्हणून विचारले, तर म्हणाली, "त्याले दुखते." परीक्षकांनी मोडका बैल चालत नाही म्हणून तिला रांगेबाहेर काढले, आणि ती रडू लागली तेव्हा, "लाकूडच तं आहे, नवा घे," अशी समजूत घातली. पहिले बक्षीस ट्रॅक्टरवरून आणलेल्या, रोषणाई केलेल्या भल्यामोठ्या बैलाला मिळाले. मला आजही त्याचा संताप येतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी खऱ्या बैलांचे खांदे शेकून "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या" असे म्हणणाऱ्या मोठ्यांकडूनच ती हे शिकली होती, आणि त्याच मोठ्यांनी तिला खोटे पाडले.

"खेळच तर आहे" हे वाक्य त्याच जातीचे आहे. १९९६ साली जपानच्या बान्दाई कंपनीने तामागोची हे तीन बटनांचे, अंड्याच्या आकाराचे खेळणे आणले. त्यातला जीव वेळेवर खाऊ न घातल्यास मरे. त्याच वर्षीच्या 'क्रिएचर्स' या संगणकीय खेळात नॉर्न नावाच्या जीवांना गुदगुल्या करून किंवा चापट मारून शिकवता येई, आणि काही खेळाडूंनी त्यांचा निव्वळ छळच मांडला. २००५च्या 'निन्टेन्डॉग्ज'मधला कुत्रा मात्र कितीही हेळसांड झाली तरी मरत नाही. आपली पोरे खेळतात त्या 'माइनक्राफ्ट'मध्ये हाडे देऊन लांडगा माणसाळवता येतो, आणि जखमी झाला की त्याची शेपटी खाली येते. ती शेपटी पाहून त्याला मांस भरवणारा मुलगा मी पाहिला आहे, आणि आपलाच लांडगा हसत लाव्हात ढकलणाराही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा मुख्य मुद्दा थोडक्यात मांडतो. प्राण्यांशी क्रूर वागणारा माणूस माणसांशीही निष्ठुर होतो, असे जर्मन तत्त्वज्ञ इमान्युएल कांट म्हणत असे. मी त्या भाकितावर विसंबत नाही. लांडगा ढकलणारा पोरगा उद्या गोठ्यातल्या वासराला मारीलच, असे मला म्हणायचे नाही. माझा आक्षेप त्या क्षणापुरताच आहे. ज्याला त्याने स्वतः नाव दिले, आपला म्हटले, त्याचा विश्वास मोडण्यात त्याला मजा वाटली, आणि ही मजा खरी आहे, लांडगा खोटा असला तरी. कुतूहलापोटी काय होते ते पाहणे, चुकून मरू देणे किंवा कंटाळून खेळ बंद करणे यांना मी दोष देत नाही.

मोठा दोष खेळ बनवणाऱ्यांचा आहे. पडद्यावरचे पिल्लू भुकेने रडते आणि शेजारीच पैसे भरायचे बटन झळकते, तेव्हा लेकराच्या मायेचाच धंदा मांडलेला असतो. अशा वेळी "ते खोटे आहे, रडू नको" एवढे सांगून बापाने मोबाइल हिसकावून घेऊ नये; पिल्लाची काळजी वाटणे बरोबर आहे आणि त्यासाठी पैसे मागणारा चुकीचा आहे, हे दोन्ही त्याने लेकराजवळ बसून सांगावे. लांडगा ढकलणाऱ्यालाही रागावण्याआधी, त्याचे नाव काय ठेवले होते, हे विचारावे. वेळ संपली आहे. उरलेल्या शंका मी खाली बसून ऐकतो.