खातं, ओटीपी आणि खानावळीची वही

(दृश्य: बेगमपुरा, भाड्याची खोली)

छत्रपती संभाजीनगर. विद्यापीठाजवळचा बेगमपुरा. दहा बाय दहाची खोली, तीन गाद्या, भिंतीवर बाबासाहेब आणि शेजारी महाराष्ट्राचा नकाशा. अनामत आधी दिली, तेव्हा चावी मिळाली.

तिघं हिंगोली, परभणी, बीडकडचे. शासकीय वसतिगृहाला अर्ज केले होते, यादीत नाव लागलं नाही. अशा अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी सामाजिक न्याय विभागाची डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना २०१६-१७ पासून आहे. पालकांचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं. या शहरात वर्षाला ५१ हजार : भोजनाचे २८, निवासाचे १५, निर्वाहाचे ८. राहण्याचे १५ हजार म्हणजे महिन्याला साडेबाराशे. या खोलीत तिघं का राहतात, ते इथेच कळतं.

(दृश्य: नागसेनवन, झाडांखालचा रस्ता)

बाबासाहेबांनी १९५० साली याच शहरात महाविद्यालय काढलं. मराठवाड्याच्या खेड्यांतली मुलं तेव्हापासून इथे शिकायला येताहेत. नागसेनवनातल्या या रस्त्यावर आजही हातात फाईल घेतलेला मुलगा दिसला, की तो पहिल्या वर्षाचा समजावा.

(दृश्य: नेट कॅफे, स्कॅनर, फाईल)

फाईल उघडू या. जातीचा दाखला. उत्पन्नाचा दाखला. टीसी, गुणपत्रक, बोनाफाईड. वसतिगृहात प्रवेश मिळालेला नाही, हे लिहून द्यायचं. खोलीचा भाडेकरार, त्यावर सही करायला घरमालक सहसा तयार नसतो, त्याला कराची धास्ती. मग एखादा सीनियर मध्ये पडतो, मालकाला चहा पाजतो, समजावतो. पुढे पंचाहत्तर टक्के हजेरीचा दाखला. आणि सगळ्यात चिवट प्रकरण बँकेचं. खातं गावात, शाळेच्या शिष्यवृत्तीसाठी उघडलेलं. खात्याला जोडलेला मोबाइल नंबर मामाचा. इथे कॅफेत बसून ‘मामा, ओटीपी सांगा’ म्हणायचं, आणि मामा रानात, रेंज नसलेल्या ठिकाणी. आधार जोडणीसाठी शेवटी एसटीने गावी जाऊन यावंच लागतं. तासिका बुडते. हजेरी इथेच कमी होते, हे मात्र कुठल्या रकान्यात लिहायची सोय नाही.

समाजकल्याण कार्यालयात कॅमेऱ्याला परवानगी मिळाली नाही, म्हणून ही रांग बाहेरून.

(दृश्य: खानावळ, रात्रीची पंगत)

स्वाधारचा हप्ता कधी पडेल, कुणी सांगत नाही. तोवर ही वही. एका पानावर एक नाव, महिना, उरलेली बाकी. मावशी आकडा लिहितात आणि पोळी वाढतात. योजना चालते ती मावशींच्या उधारीवर, असं आमचं स्पष्ट मत आहे. पैसे जुलैत आले, तर या वहीची गरजच पडणार नाही.

उधारी मिळाली नाही ते काही जण दिवाळीला गेले, परत आले नाहीत.

(दृश्य: पायऱ्यांवर बसलेली मुलं, मोबाइलवर अर्ज)

दुसऱ्या वर्षाची मुलं आता नव्यांचे अर्ज भरून देतात, फुकट. पहिला प्रश्न ठरलेला : ‘बँकेत नंबर कुणाचा दिलाय?’