कडकनाथचा वंश राखताना

(नाशिक येथे देशी कोंबडीपालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

मित्रहो, नाशिक जिल्ह्यात कडकनाथ पाळणारे पुष्कळ आहेत. कडकनाथचा वंश राखणारे फार थोडे आहेत. पिल्ले विकत आणणे, वाढवणे आणि विकणे हा एक व्यवसाय झाला. पण दहा वर्षांनी आपल्या खुराड्यात जो पक्षी असेल तो कडकनाथच असावा, यासाठी कोणते नर ठेवायचे, कोणत्या कोंबड्यांची अंडी उबवायची आणि कोणती पिल्ले पुढच्या पिढीसाठी राखायची, हे ठरवणे वेगळे काम आहे. मी आज त्याच कामाविषयी बोलणार आहे.

हा पक्षी मूळचा आपल्याकडचा नाही, हे आधी सांगितले पाहिजे. सातपुडा आणि नर्मदा ओलांडून पलीकडे, मध्य प्रदेशातील झाबुआ, अलीराजपूर आणि धार या भागांत भिल्ल आणि भिलाला समाजाने तो पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला. तिकडे त्याला ‘कालामासी’ असेही म्हणतात. १९७८ साली मध्य प्रदेश शासनाने झाबुआ येथे त्याच्या पैदाशीसाठी केंद्र उभारले आणि २०१८ साली झाबुआच्या कडकनाथच्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळाले. ते मानांकन त्या भूमीचे आणि तिथल्या पालकांचे आहे. आपण नाशिकमध्ये वाढवलेला पक्षी त्या नावाने विकू नये. मग तो इथे राखायचा कशासाठी? याचे उत्तर २०२१ च्या जानेवारीत मिळाले. त्या महिन्यात झाबुआ जिल्ह्यातील एका कडकनाथ फार्मवर बर्ड फ्लूची लागण आढळली आणि पक्षी नष्ट करावे लागले. आपल्याच नाशिक विभागातील नवापूरने २००६ साली तेच पाहिले आहे. बर्ड फ्लू आला की शुद्ध-अशुद्ध, दुर्मीळ-सामान्य असा भेद राहत नाही. ठरावीक परिघातला प्रत्येक पक्षी मारावा लागतो. म्हणून दुर्मीळ जात एकाच प्रदेशात राहू देणे धोक्याचे असते. मूळ भूमीपासून दूर, नोंदी ठेवून, न मिसळता राखलेले चार-सहा कळप असतील तर उद्या गरज पडल्यास झाबुआलाही ते उपयोगी पडतील. आपल्या कामाचे महत्त्व मी एवढेच मानतो, आणि ते थोडे नाही.

आता रंगाकडे येऊ, कारण सगळा गोंधळ तिथे आहे. कडकनाथची त्वचा, चोच, पाय, जीभ, इतकेच नव्हे तर हाडांवरचे आवरण आणि आतले अवयवही काळसर असतात. तुरा जांभळट असतो. यामागचे कारण आता नीट कळले आहे. कोंबडीच्या विसाव्या गुणसूत्रावरील एका भागाची या पक्ष्यांमध्ये दुबार प्रत झालेली असते आणि त्या भागात एंडोथेलिन-३ नावाचे जनुक असते. त्याचा प्रभाव वाढल्यामुळे गर्भावस्थेत रंगपेशी नेहमीपेक्षा कितीतरी अधिक वाढतात आणि जिथे एरवी पोहोचत नाहीत तिथे पोहोचतात. चीनमधील सिल्की आणि इंडोनेशियातील अयाम सेमानी या जातींतही हीच रचना सापडते. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की हा गुण प्रभावी आहे, म्हणजे आई किंवा बाप यांपैकी एकाकडून आला तरी दिसतो. त्याला अडवणारे दुसरे एक जनुक असते. पांढऱ्या किंवा पिवळ्या पायांच्या कोंबड्यांत ते आढळते, आणि ते लिंग ठरवणाऱ्या झेड गुणसूत्रावर असते.

याचा व्यवहारातला अर्थ पाहा. कडकनाथ कोंबडा पिवळ्या पायांच्या गावरान कोंबडीला लावला तर मुलींना झेड गुणसूत्र फक्त बापाकडून मिळते, त्यामुळे त्या काळ्या निघतात. मुलग्यांना आईकडून अडवणारे जनुक मिळते, त्यामुळे ते फिकट निघतात. हीच जोडी उलट लावली, म्हणजे कडकनाथ कोंबडीला पिवळ्या पायांचा कोंबडा दिला, तर सगळीच पिल्ले फिकट निघतात. आणि गावरान कोंबडीचे पाय मुळातच काळसर असतील तर कडकनाथ कोंबड्यापासून तिची मुले-मुली सगळीच काळी होतात. अशी अर्ध्या रक्ताची तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी, बाजारात कडकनाथ म्हणून उभी राहिली तर नुसत्या डोळ्यांनी ती ओळखणे अवघड आहे. पक्षी काळा नसेल तर तो शुद्ध कडकनाथ नाही असे म्हणता येते. पण काळा आहे म्हणून तो कडकनाथ आहे, असे मुळीच म्हणता येत नाही. काही वर्षांपूर्वी आपल्या राज्यात हमीने अंडी आणि पक्षी परत घेण्याच्या योजनांचे पेव फुटले आणि २०१९ मध्ये त्या कोसळून हजारो शेतकरी बुडाले. पैशाच्या नुकसानीची चर्चा पुष्कळ झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. वंशाच्या नुकसानीची झाली नाही. इतक्या घाईने पिल्ले वाटली जात असताना ती कोणत्या आईबापांची आहेत हे कोण लिहून ठेवणार?

ज्या कोंबड्यावर कळप उभा करायचा त्याची परीक्षा घेता येते. काळसर पायांची पण पांढऱ्या कातडीची साधी गावरान कोंबडी घ्यावी, संशयित कोंबडा तिच्याबरोबर वेगळा ठेवावा आणि तिची पिल्ले पाहावीत. कोंबड्याला काळेपणाचे जनुक आईबापांपैकी एकाकडूनच मिळाले असेल, म्हणजे त्याच्याकडे त्याची एकच प्रत असेल, तर सरासरीने निम्मी पिल्ले साध्या कातडीची निघतील. एक जरी तसे निघाले तरी निकाल लागला. एकप्रतीच्या कोंबड्यापासून सलग सात पिल्ले काळी निघण्याची शक्यता १२८ मध्ये एक एवढीच असते, म्हणून सातही काळी निघाली तर तो दोन प्रतींचा मानायला हरकत नाही. ही पिल्ले पुढे वंशात घ्यायची नाहीत, हे वेगळे सांगायला नको. या परीक्षेतून काळेपणाच्या जनुकापुरती खात्री मिळते. बाकीच्या रक्ताची खात्री नोंदवहीच देते. माझ्या अनुभवाचा एक इशारा जोडतो. मिश्र वंशाच्या कळपात सर्वांत झपाट्याने वाढणारा, अंगाने भरलेला कोंबडा आपल्याला आवडतो आणि आपण तोच पैदाशीला ठेवतो. कडकनाथ हा सावकाश वाढणारा पक्षी आहे. पूर्ण वाढलेला नर दीड-दोन किलोंचा भरतो. भावंडांपेक्षा फार पुढे गेलेल्या कोंबड्याकडे कौतुकाने पाहण्याऐवजी आधी संशयाने पाहावे.

कडकनाथचे पिसांवरून तीन प्रकार मानले जातात: गडद काळा, मानेवर व पंखांवर पांढरट रेषा असलेला पेन्सिल्ड आणि सोनेरी झाक असलेला गोल्डन. ग्राहक गडद काळा मागतो, म्हणून उरलेले दोन प्रकार पालक कापून टाकतात. हे मला फार खटकते. पिसांचा रंग आणि कातडीचा रंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सोनेरी पिसांचा पक्षी आतून तितकाच काळा असतो. बाजाराच्या एका आवडीपायी जातीतील दोन-तृतीयांश वैविध्य आपल्या हातांनी पुसून टाकणाऱ्याला संवर्धक म्हणता येणार नाही.

दुसरा प्रश्न नरांच्या संख्येचा. बहुतेक ठिकाणी मला दहा-वीस कोंबड्यांमागे एक किंवा दोन नर दिसतात. अंडी फळण्यासाठी आठ-दहा कोंबड्यांमागे एक नर पुरतो, हे खरे आहे; पण वंशासाठी ते पुरत नाही. सेवॉल राइट या शास्त्रज्ञाने कळपाची प्रभावी संख्या काढण्याचे सूत्र दिले आहे: नर आणि माद्या यांच्या संख्यांचा गुणाकार करून त्याला चारने गुणायचे आणि एकूण संख्येने भागायचे. दोन नर आणि वीस माद्या असतील तर उत्तर सात येते. म्हणजे बावीस पक्षी डोळ्यांना दिसत असले तरी रक्ताच्या हिशेबाने ते सातच आहेत, आणि दर पिढीला जवळच्या नात्यातले प्रजनन सुमारे सात टक्क्यांनी वाढते. तोच हिशेब आठ नर आणि चोवीस माद्यांसाठी केला तर प्रभावी संख्या चोवीस येते आणि वाढ दोन टक्क्यांच्या आसपास राहते. चार-पाच पिढ्यांत हा फरक अंडी न फळण्यात, कवचात पिल्लू मरण्यात आणि पहिल्या आठवड्यातील मरतुकीत दिसू लागतो. तेव्हा पालक खाद्याला दोष देतो, यंत्राला दोष देतो. मूळ दोष मात्र नरांच्या संख्येत असतो.

यावर सोपी पद्धत आहे. कळपाचे तीन किंवा चार गट करावेत. दर पिढीला पहिल्या गटात जन्मलेले नर दुसऱ्या गटात, दुसऱ्यातले तिसऱ्यात आणि शेवटच्यातले पहिल्यात न्यावेत. तलंगा मात्र आईच्याच गटात ठेवाव्यात. नर बदलताना एक पथ्य अवश्य पाळावे. कोंबडीच्या अंडवाहिनीत नराचे शुक्राणू दोन-तीन आठवडे टिकतात, म्हणून जुना नर काढल्यावर तीन आठवडे त्या गटाची अंडी उबवणीला ठेवू नयेत. ती खायला वापरावीत. पिल्लू एक दिवसाचे असताना त्याच्या पायाच्या बोटांमधील पडद्याला बारीक छिद्र पाडून खूण करता येते. दोन पायांत मिळून असे चार पडदे असतात. छिद्र असणे आणि नसणे यांच्या मांडणीतून सोळा वेगवेगळ्या खुणा होतात. तीन-चार गटांसाठी एवढ्या खुणा भरपूर झाल्या.

उबवणीच्या बाबतीत नाशिकचे हवामान आपली परीक्षा पाहते. कडकनाथ कोंबडी वर्षाला साधारण ८० ते ९० अंडी देते आणि ती स्वतः क्वचितच खुडूक होते, म्हणजे अंड्यांवर उबवायला बसते. म्हणून अंडी गावरान खुडूक कोंबडीखाली बसवावी लागतात किंवा यंत्रात ठेवावी लागतात. यंत्रात तापमान ३७.५ अंश सेल्सिअस ठेवतात, अठराव्या दिवसापर्यंत अंडी फिरवतात आणि एकविसाव्या दिवशी पिल्ले निघतात, हे आपण सारे जाणता. आर्द्रतेकडे मात्र पुरेसे लक्ष जात नाही. अठरा दिवसांत अंड्याचे वजन पाणी उडून सुमारे बारा टक्क्यांनी घटले पाहिजे. एप्रिल-मे महिन्यांत, विशेषतः सिन्नर आणि येवल्याच्या कोरड्या हवेत, ते जास्त घटते आणि पिल्लू आतल्या पापुद्र्याला चिकटते. जुलै-ऑगस्टमध्ये त्र्यंबक-इगतपुरीकडे ते कमी घटते आणि पिल्लू कवचातच गुदमरते. आर्द्रतामापकावर एकट्याने विसंबू नये. तीस अंड्यांचा ट्रे तराजूवर ठेवावा. अंडे ४५ ग्रॅमचे धरले तर ट्रेमधील अंडी १,३५० ग्रॅम भरतात. नवव्या दिवशी त्यांतून सुमारे ८० ग्रॅम आणि अठराव्या दिवशी सुमारे १६० ग्रॅम कमी झालेले असावेत. याहून जास्त घट असेल तर पाण्याचे तबक वाढवावे, कमी असेल तर काढावे. वीज गेल्यावर पालक घाबरून यंत्रावर गोधड्या घालतात. शेवटच्या तीन दिवसांत हे घातक ठरू शकते, कारण तेव्हा अंड्यांतील पिल्ले स्वतःच उष्णता निर्माण करत असतात आणि गर्भाला थंडीपेक्षा अतिउष्णता लवकर मारते.

मी स्वतः वंशाची उबवणी ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळातच करावी असे म्हणेन. उन्हाळ्यात नरांची फलनक्षमता घटते आणि साठवणीतली अंडी बिघडतात. अंडी थंड जागी, रुंद टोक वर ठेवून, सात दिवसांपेक्षा जास्त साठवू नयेत. हिवाळ्यातील उबवणीचा भार मग पिल्लांच्या संगोपनावर पडतो, कारण निफाडचा पारा डिसेंबर-जानेवारीत किती खाली जातो हे या सभागृहात कुणाला सांगायला नको.

पिल्ले येण्याच्या आदल्या रात्रीच ब्रुडर, म्हणजे पिल्लांना ऊब देणारा दिवा, चालू करून खाली अंथरलेली गादी उबदार करावी. इगतपुरी-घोटीकडचे भाताचे तूस यासाठी उत्तम असते. पहिल्या आठवड्यात ब्रुडरखाली ३५ अंश तापमान असावे आणि नंतर दर आठवड्याला ते तीन अंशांनी उतरवावे. पण तापमापकापेक्षा पिल्ले अधिक खरे सांगतात. ती दिव्याखाली एकमेकांवर चढत असतील तर त्यांना थंडी आहे. चोच उघडी टाकून कडेला गेली असतील तर उष्णता जास्त आहे. सगळीकडे सारखी पसरून टिपत असतील तर ठीक आहे. थंडीच्या भीतीने पडदे पूर्ण बंद करून आत कोळशाची शेगडी ठेवण्याची पद्धत सोडून द्यावी. तिच्या धुराने आणि गादीतल्या अमोनियाने जी पिल्ले जातात, ती थंडीने गेली असे आपण समजतो. पडद्याची वरची वीतभर पट्टी नेहमी उघडी असावी. पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडी रोगाची लासोटा लस, चौदाव्या दिवसाच्या सुमारास गंबोरो रोगाची लस, चौथ्या आठवड्यात लासोटाची दुसरी मात्रा आणि पुढे देवीची लस, हे वेळापत्रक आपल्या पशुवैद्यकांकडून पक्के करून घ्यावे. गादी ओली झाली की रक्ती हगवण आलीच. पाण्याच्या भांड्याखालचे तूस रोज हाताने चाचपावे. पांढरी हगवण आईकडून अंड्यातूनच उतरते, म्हणून वंशाचा कळप निवडण्याआधी प्रत्येक नर-मादीची रक्तचाचणी करून घ्यावी. एका बाधित कोंबडीपायी संपूर्ण हंगाम वाया जाऊ शकतो.

पिल्लांची निवड पहिल्या दिवशी करू नये. अंड्यातून निघालेले पिल्लू निळसर-काळे असते आणि पाठीवर अस्पष्ट गडद पट्टे असतात. त्यावरून फार काही ठरत नाही. आठव्या आठवड्यात जीभ, टाळू, पाय आणि तळवे पाहावेत; पाचव्या-सहाव्या महिन्यात तलंगा अंड्यावर येताना तुऱ्याचा रंग आणि अंगाची ठेवण पाहावी. तांबडा तुरा असलेला पक्षी वंशातून काढून विक्रीसाठी वेगळा करावा आणि तो शुद्ध कडकनाथ म्हणून विकू नये.

शेवटी एक प्रस्ताव मांडतो. आठ नर सांभाळणे एका घराला परवडत नाही, हे मला मान्य आहे. पण दिंडोरीत एक, कळवणमध्ये एक, सिन्नरमध्ये एक आणि बागलाणमध्ये एक असे चार पालक मिळून चार गट होतात. दर वर्षी दिवाळीनंतर दिंडोरीचे नर कळवणला, कळवणचे बागलाणला, बागलाणचे सिन्नरला आणि सिन्नरचे दिंडोरीला द्यावेत. आलेला नर तीस दिवस मुख्य कळपापासून दूर ठेवावा, त्याचे दाणापाणी कळपाचे काम आटोपल्यावर करावे आणि रक्तचाचणीचा निकाल आल्यावरच त्याला कोंबड्यांमध्ये सोडावे. नराबरोबर त्याच्या आईबापांच्या खुणांचा कागद आला नसेल तर, तो कितीही काळा असला तरी, परत पाठवावा. ज्यांची यात सामील होण्याची इच्छा आहे त्यांनी आज निघण्यापूर्वी आपल्याकडील नर-माद्यांची संख्या, तिन्ही प्रकारांपैकी कोणते आहेत आणि मूळ पक्षी कुठून आणले, एवढे इथल्या वहीत लिहून द्यावे.