वेलांकनी: पाठीवर पिशवी, पायाखाली वाळू

बंगालच्या उपसागरावर उजाडतंय. वाळूत चादरी अंथरून झोपलेली ही माणसं काल रात्री पोहोचली. यांतली काही चेन्नईहून चालत आलीत, तीनशे किलोमीटरहून जास्त. भगवे कपडे, अनवाणी पाय. आरोग्यमाता, म्हणजे तमिळनाडूतल्या वेलांकनीची मरियम, आधी यांची, मग आपली. म्हणून वसईहून निघतानाच आम्ही ठरवलं होतं, हॉटेल घ्यायचं नाही.

स्लीपरचं तिकीट, मग नागपट्टिणमहून सरकारी बस, बारा किलोमीटर. एरवी चर्चच्या निवासात स्वस्तात खोली मिळते. पण २९ ऑगस्टला मातेच्या सणाचा झेंडा चढला की ८ सप्टेंबरपर्यंत खोलीचं नाव काढू नका. चादर, टॉवेल, पाण्याची बाटली, पुरे. शेजारची आजी आपल्याला जागा करून देते. भाषा कळत नाही, तरी पिशवीवर लक्ष ठेवते.

आता ही वाट बघा. एका टोकाला बॅसिलिका, म्हणजे मातेचं मानाचं चर्च, दुसऱ्या टोकाला मातेचं तळं, मध्ये नुसती वाळू. लोक ती गुडघ्यांवर पार करतात. कुणाच्या हातात मेणबत्ती, कुणाच्या कडेवर मूल. सकाळी वाळू गार असते, दहानंतर पोळते. तरी रांग तुटत नाही.

या तळ्याकाठी दूध घेऊन निघालेल्या गुराख्याच्या पोराला माता दिसली, असं इथे सांगतात. तिनं बाळासाठी दूध मागितलं, त्यानं दिलं, आणि गिऱ्हाइकाकडे पोहोचला तेव्हा मडकं भरून वाहत होतं. दुसरी कथा ताक विकणाऱ्या लंगड्या मुलाची. तो उठला आणि नागपट्टिणमपर्यंत धावत गेला. दूधवाला, ताकवाला. माता गेली ती अशांकडे. पोर्तुगीज खलाशी नंतरचे. मकाऊहून श्रीलंकेकडे जाताना वादळात सापडले, या किनाऱ्याला लागले आणि मातेसाठी पक्कं चर्च बांधलं. वेदीवरच्या या चिनी मातीच्या बशा त्यांनीच आणलेल्या. १९६२ साली या चर्चला बॅसिलिकेचा मान मिळाला.

नवस फेडायलाही फार पैसे लागत नाहीत. मुंडण, नारळ, मेणबत्ती, मूल व्हावं म्हणून बांधलेला हा छोटा पाळणा. संग्रहालयात सोन्याचांदीची अर्पणं काचेमागे आहेत. आम्ही मात्र पाळण्यांपाशीच जास्त थांबलो.

सणात मराठीतही मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, होते. तमिळ गर्दीत ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ ऐकू आलं, आणि वसई, उत्तन, मुंबईची माणसं एकमेकांना शोधू लागली.

दुपारी केळीच्या पानावर भात, सांबार, रसम. संध्याकाळी किनाऱ्यावर तळलेली मासळी. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत याच किनाऱ्यावर शेकडो यात्रेकरू गेले.

रात्री मातेची मिरवणूक निघते. रथ पुढे सरकतो तशी वरून फुलं पडतात. शेजारच्या आजीनं त्यातलं एक उचललं आणि आमच्या पिशवीच्या कप्प्यात ठेवलं.