दस्तुरीच्या पुढे

श्रोतेहो, नमस्कार.

माथेरानबद्दल बोलायचं म्हटलं की पॉइंट, लाल माती आणि माकडं यांतच वेळ संपतो. आज ते बाजूला ठेवू आणि तिथे बारा महिने राहणाऱ्यांच्या पोटापाण्याचं बोलू.

२०११च्या जनगणनेत माथेरानची लोकसंख्या भरली ४,३९३. एखाद्या बऱ्यापैकी खेड्यातही याहून जास्त माणसं असतात. तरी हे कागदोपत्री शहर, १९०५पासून नगरपालिका असलेलं. शेती नावालाही नाही, कारखाना नाही. मग हे चालतं कशावर? मला विचाराल तर एका मनाईवर.

मोटारींना दस्तुरी नाक्याच्या पुढे बंदी. तिथून बाजारपेठ दोन-अडीच किलोमीटर. एवढ्याशा वाटेवर किती चुली पेटतात, ते नाक्यावर पाच मिनिटं उभं राहिलं की कळतं. गाडीचं दार उघडायच्या आत घोडेवाला हजर. हमाल तुमच्या तोंडाकडे बघतच नाही, त्याची नजर बॅगेवर. चाकांची बॅग असली की पाहुणा ऐटीत स्वतःच ओढत निघतो. हमालही घाई करत नाही. दगडधोंड्यांत चाकं अडायला लागली की अर्ध्या वाटेत ती बॅग त्याच्याच डोक्यावर येते.

गॅसचं सिलिंडर, तांदळाचं पोतं, विटा, सगळं असंच घोड्याच्या पाठीवरून नाहीतर हातगाडीवरून जातं. खालची वीट वर पोचेपर्यंत महागते, आणि ती महागाई म्हणजे कुणाची तरी मजुरी असते. डोंगरउतारावरच्या वाड्यांमधली आदिवासी माणसं पायवाटेने चढून कामाला येतात, संध्याकाळी उतरतात. गावाच्या शिरगणतीत ती नाहीत. कामात मात्र आहेत.

यात सगळ्यात जास्त घाम हातरिक्षावाल्याचा. एकाने पुढून ओढायचं, चढावर दुसऱ्याने मागून रेटायचं, आणि आलेलं भाडं वाटून घ्यायचं. डिसेंबर २०२२मध्ये ई-रिक्षांची चाचणी सुरू झाली. ऑगस्ट २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून ई-रिक्षा त्याच माणसांना भाड्याने द्यायला सांगितलं. माणसाने माणूस ओढणं थांबायलाच हवं, यात मला तिळमात्र शंका नाही. पण घोडेवाले का बिथरले, तेही समजून घ्या. गिऱ्हाईक तेवढंच आहे. रिक्षात बसलेला पाहुणा घोड्यावर बसत नाही. शिवाय रिक्षा उभी राहिली तर खात नाही, घोड्याला धंदा नसला तरी खुराक लागतोच. दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्टेशनावरून सुटणारी शटल गाडी याच वाटेवरची आणखी एक वाटेकरी, ती वेगळीच.

खरी परीक्षा पावसाळ्यात. १९०७पासून नेरळहून चढणारी छोटी गाडी जूनमध्ये घाटात बंद होते. २००५च्या जुलैत तर रुळांखालची जमीनच वाहून गेली आणि गाडी सुरू व्हायला २००७ उजाडलं. धुक्यात बाजार ओस, घोडे तबेल्यात. मे महिन्यात कमावलेलं जुलैत खायचं. ते पुरलं नाही की किराणावाल्याची वही. दिवाळीत पहिली गर्दी वर आली की आधी त्या वहीतला आकडा खोडायचा. उरलंच काही, तर खोगिराला नवा पट्टा.