बेससाठी वॅट किती?

मंडळी, साऊंडच्या धंद्यात नव्याने उतरलेली मुलं मला पहिला प्रश्न हाच विचारतात : बेससाठी किती वॅटचा अॅम्प्लिफायर घेऊ? मी उलट विचारतो, तुझ्या स्पीकरची सेन्सिटिव्हिटी किती? बहुतेकांनी तो आकडा वाचलेलाच नसतो.

एक वॅट दिला की एक मीटरवर किती डेसिबल मिळतात, ते हा आकडा सांगतो. समजा एका स्पीकरचा 90 आहे, दुसऱ्याचा 96. सहाचाच फरक, पण वॅट दुप्पट केले तर जेमतेम तीन डेसिबल वाढतात. म्हणजे 96 वाला 250 वॅटमध्ये जेवढं वाजतो, त्यासाठी 90 वाल्याला 1000 वॅट पाजावे लागतात. 500 चा अॅम्प्लिफायर काढून 800 चा लावला तर दोनच डेसिबल पदरात पडतात. पैसे मात्र भरपूर जातात. त्यापेक्षा चांगला स्पीकर घ्या, असं मी कळकळीने सांगतो.

आता ही जळालेली कॉइल बघा, म्हणजे स्पीकरच्या आतली तांब्याच्या तारेची गुंडाळी. सुरुवातीच्या दिवसांत एका जत्रेत ऑर्केस्ट्रा होता. स्पीकर 400 वॅट आरएमएसचा, म्हणजे सतत सोसू शकेल एवढ्या ताकदीचा, अॅम्प्लिफायर 300 चा. मला वाटलं, अॅम्प्लिफायर लहान आहे, स्पीकरला धोका नाही. बेस गिटारवाला आवाज मागत गेला, मी देत गेलो, आणि अॅम्प्लिफायरवर जास्त ताण आल्याचं सांगणारा क्लिपचा लाल दिवा रात्रभर विझलाच नाही. अॅम्प्लिफायर असा दाबला की लाटेची डोकी कापली जातात, आणि 300 चा अॅम्प्लिफायर 600 वॅटपर्यंत ओतू शकतो. उत्तररात्री जळकट वास आला. कोनवर, म्हणजे स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्यावर, चार बोटं ठेवून हलकेच दाबलं, तर आत खरखर. उघडून पाहिलं तेव्हा तांब्याची तार अशी काळी पडली होती.

म्हणून 400 आरएमएसच्या स्पीकरला, त्याच ओहमवर (स्पीकरच्या रोधाचा आकडा), 600 ते 800 चा अॅम्प्लिफायर लावा. ही जास्तीची ताकद ढोलाच्या थापेसारख्या क्षणिक ठोक्यांसाठी राखीव असते, सतत ओतायला नाही. आवाज ठरावीक मर्यादेपुढे जाऊ न देणारा लिमिटर लावा, लाल दिवा क्षणभर लुकलुकला तर चालेल. पीक आणि पीएमपीओचे, म्हणजे क्षणभराच्या ताकदीचे फुगवलेले आकडे बघूच नका.

उष्णतेखेरीज स्पीकर हेलकाव्यानेही मरतो. बेस गिटारची सर्वांत जाड तार साधारण 41 हर्ट्झला वाजते. सूर एक सप्तक खाली गेला की तेवढ्याच आवाजासाठी कोनला चौपट हलावं लागतं. भोकाच्या बॉक्समध्ये तर ट्यूनिंगच्या, म्हणजे तो बॉक्स ज्या हर्ट्झला जुळवलेला असतो त्याच्या, खाली कोनला आतली हवा धरूनच ठेवत नाही. तिथे लो-कट, म्हणजे फार खालचे सूर कापणारा फिल्टर, लावलाच पाहिजे, वॅट कितीही असोत.

आठ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की चार ओहम होतात, हे तुम्हाला माहीत आहे. पण वायर? दीड स्क्वेअरची (दीड चौरस मिलिमीटरची) तांब्याची वायर वीस मीटर ओढली, तर चार ओहमच्या स्पीकरपर्यंत पोचणाऱ्या वॅटमधला जवळजवळ पाचवा हिस्सा कमी होतो. अॅम्प्लिफायर बॉक्सजवळ न्या, किंवा जाड वायर घ्या.

आणि बेसचे दोन बॉक्स मंचाच्या दोन टोकांना ठेवू नका. शेजारी शेजारी ठेवा. एका बॉक्सपेक्षा जवळपास सहा डेसिबल जास्त मिळतात. दोन टोकांना ठेवले की मधल्या रांगेत बेस छातीवर आदळतो, आणि चार पावलं बाजूला गेलं की गायब.