गॅस झाला असेल

हा लक्ष्मी रोड आहे, दुपारचे बारा वाजलेत आणि एक माणूस नाही. एप्रिल २०२०. ९ मार्चला राज्यातले कोरोनाचे पहिले दोन पेशंट पुण्यातच सापडले, त्यांना नायडू हॉस्पिटलला ठेवलं, आणि महिनाभरात पेठांमधल्या गल्ल्यांच्या तोंडाला बांबू न् पत्रे लागले.

आमच्या वाड्यातले एक काका, वय ६१, शुगर आहे. रात्री अकराच्या सुमाराला छातीवर कोणी दगड ठेवल्यासारखं झालं, डावा हात जड, घाम इतका की बनियन पिळून घ्यावा. काकू म्हणाल्या, अहो चला दवाखान्यात, तर काका म्हणे गॅस झालाय, ओवा दे, तिकडे गेलो तर कोरोना घेऊन येऊ. काकूंनी मुलाला फोन लावला तर आधी तो खोकला ऐकू आला, आठवतंय ना, कॉलर ट्यूनवाला?

हा हार्ट अटॅक होता. आता आत काय चाललेलं असतं ते सांगतो. हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकलेली असते, पुढच्या स्नायूला रक्तच जात नाही आणि तो थोडा थोडा करत मरत जातो. म्हणून पेशंट दारात आला की १० मिनिटांत ईसीजी आणि ९० मिनिटांत बलून, म्हणजे अडकलेली रक्तवाहिनी आतून फुग्याने उघडायची, हा नियम. काका दारात पोचले सकाळी दहाला, म्हणजे ११ तास उलटून गेल्यावर.

तिथेही लगेच आत नाही. ताप बघ, खोकला विचार, स्वॅब घे. कॅथ लॅबमधल्या, म्हणजे जिथे एक्स-रेखाली हे बलूनचं काम करतात तिथल्या लोकांच्या अंगावर शिशाचा जाड एप्रन, त्यावर पीपीई किट, एक संशयित पेशंट झाला की सगळी खोली पुसून काढायची, मग पुढचा. डॉक्टरांना तरी काय बोलणार. बऱ्याच ठिकाणी तेव्हा आधी गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देऊन टाकायचे आणि अँजिओग्राफी नंतर, पण ते इंजेक्शन पहिल्या दोन-तीन तासांत जसं काम करतं तसं अकराव्या तासाला करत नाही हो.

आणि काका एकटे नव्हते. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने देशातल्या १८७ हॉस्पिटलांचा हिशोब काढला, मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत हार्ट अटॅकच्या ॲडमिशन आदल्या वर्षीपेक्षा साधारण ३५ टक्क्यांनी कमी. काहीजण म्हणाले बघा, ट्रॅफिक नाही, ऑफिसचं टेन्शन नाही, लोक सुधारले. मला नाही पटत, निम्मे तरी ओवा चावत घरी बसले असणार.

काका वाचले. टूडी इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग (हृदय दर ठोक्याला किती रक्त बाहेर ढकलतं ते) ३० टक्के, नॉर्मल माणसाचं ५५ च्या वर असतं. वाड्याच्या जिन्याला १४ पायऱ्या आहेत, सातवीवर आता एक स्टूल ठेवलंय. घरात राहा, घरात राहा, हे त्या फोनपासून रिक्षावरच्या भोंग्यापर्यंत सगळ्यांनी सांगितलं, छातीत दुखलं तर मात्र बाहेर पडा हे काकांच्या कानावर कोणीच घातलं नाही.