माहुलीचे गोटे, मंगळाचे गोटे

(दृश्य : क्षेत्र माहुली, उन्हाळ्यातलं नदीपात्र)

साताऱ्याजवळ माहुलीला वेण्णा कृष्णेला मिळते. पाणी ओसरलं की पात्रातले गोटे उघडे पडतात. एखादा हातात घ्या. सह्याद्रीचाच काळा बेसॉल्ट, पण कुठेही बोचत नाही. डोंगरातून सुटला तेव्हा धारदार होता. पाण्याबरोबर गडगडत, इतर दगडांवर आपटत त्याच्या कडा झिजल्या.

(दृश्य : मंगळावरच्या गेल विवरातली छायाचित्रं)

२०१२ मध्ये नासाच्या क्युरिऑसिटी रोव्हरला, म्हणजे चाकांवर फिरणाऱ्या यंत्राला, मंगळावर असेच गोटे दिसले, खडकात घट्ट रुतलेले. त्यातले काही इतके मोठे, की ते उचलून नेणं वाऱ्याचं काम नव्हे. म्हणजे पाणीच! शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला : घोटा ते कंबर एवढं पाणी, वेग सेकंदाला साधारण एक मीटर. आपल्याकडे त्याला ओढा म्हणतील.

पुढे रोव्हर एका जुन्या तळ्याच्या गाळापाशी पोचला. २०१३ मध्ये त्या गाळाच्या खडकात ड्रिल घातलं, तर वरून तांबूस दिसणाऱ्या दगडातून राखाडी भुकटी निघाली. तिच्यात चिकणमातीची खनिजं होती. कार्बन, नायट्रोजन, फॉस्फरस, गंधकही सापडलं. तळ्याचं पाणी फार खारट नव्हतं, आम्लधर्मीही नव्हतं. सुमारे साडेतीन अब्ज वर्षांपूर्वी तिथे सूक्ष्मजीव जगू शकले असते. 'जगू शकले असते' आणि 'जगले' यांत फरक आहे. बातम्यांच्या मथळ्यांत नेमका तोच गळतो.

मग मंगळ कोरडा का पडला? त्याच्या गाभ्यातल्या वितळलेल्या धातूची घुसळण थांबली, तिच्यामुळे असलेलं चुंबकीय कवच गेलं आणि सौरवाऱ्याने, म्हणजे सूर्याकडून येणाऱ्या कणांच्या झोताने, वातावरण विरळ करत नेलं. आज तिथला हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी आहे. इतक्या विरळ हवेत वाहतं पाणी टिकत नाही.

(दृश्य : जेझेरो विवर)

मंगळावरचंच जेझेरो विवर सुमारे ४५ किलोमीटर रुंद. इथे नदी तळ्यात शिरत होती. तिचा त्रिभुज प्रदेश अजून ओळखू येतो. २०२१ पासून पर्सिव्हिअरन्स रोव्हर इथे फिरतोय. जुलै २०२४ मध्ये त्याच नदीच्या जुन्या वाटेवर त्याला एक ठिपकेदार खडक सापडला. ठिपक्यांत लोहाची फॉस्फेट आणि सल्फाइड खनिजं असावीत, असं दिसतं. पृथ्वीवर गाळातले सूक्ष्मजीव अशी खनिजं तयार करतात. पण ती जीवाविनाही बनू शकतात, आणि निवाडा करायला रोव्हरवरची उपकरणं पुरत नाहीत. खडकाचा नमुना नळीत भरून ठेवलाय. तो पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत आला, तरच पुढचं बोलता येईल.